जुन्या चपलेची होडी, दुधाच्या पिशवीचं शीड : मुलांसोबत असा समजून घ्या वारा

"आम्हीच फारसे शिकलो नाही, मुलांना विज्ञान कुठून शिकवणार?" आपल्या अनेक घरांत अम्मी-अब्बांच्या तोंडी हे वाक्य असतं. मग विज्ञान म्हणजे ट्यूशनच्या सरांचं काम, असं आपण ठरवून टाकतो. मूल पुस्तकातली व्याख्या पाठ करतं, परीक्षेत लिहितं आणि महिन्याभरात विसरून जातं.

पण काही गोष्टी शिकवायला डिग्री लागत नाही. वारा ही त्यातलीच एक. एक जुनी रबरी चप्पल, दुधाची रिकामी पिशवी, बाद झालेलं एटीएम कार्ड आणि चार बादल्या पाणी एवढं घरात असलं, तर रविवारच्या एका सकाळी मुलांना वाऱ्याबद्दल बरंच काही त्यांच्याच हातांनी शोधता येतं. उत्तरं तुम्हाला आधीपासून माहीत असायलाच हवीत असं नाही. मुलांसोबत बसायचं, प्रश्न विचारायचा आणि होडी काय करते ते पाहायचं.

ही होडी कशी बनवायची, तिच्यावर कोणते प्रयोग करायचे आणि ती तशी का वागते, ते या लेखात सविस्तर पाहू.

वारा आणि आपले पूर्वज

आधी थोडं आपल्या घरातल्याच शब्दांबद्दल. 'मौसम' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. त्याचा अर्थ ठरलेला हंगाम. हाच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून युरोपात गेला आणि 'मान्सून' बनून आपल्याकडे परत आला. अरबी समुद्रावर व्यापार करणाऱ्यांसाठी मौसम म्हणजे पाऊस नव्हे, तर कोणता वारा कधी सुटणार याचं वेळापत्रक होतं.

कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांत 'नाखवा' आणि 'नाखुदा' ही आडनावं आजही सापडतात. नाखुदा हा फारसी शब्द, अर्थ जहाजाचा मालक किंवा कप्तान. खलाशी हा शब्दही अरबीतून आला आणि जहाज वळवायचं 'सुकाणू'सुद्धा अरबी 'सुक्कान'वरून आलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा दालदी समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगत आला. दाभोळ हे तर बहमनी आणि आदिलशाही काळातलं गजबजलेलं बंदर. या सगळ्यांचं पोट वाऱ्याच्या हिशेबावर चालायचं.

तो हिशेब ढोबळमानाने असा होता. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून आपल्याकडे येतो. हिवाळ्यात तो उलटतो आणि ईशान्येकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे अरबस्तान किंवा पूर्व आफ्रिकेकडे जायचं तर हिवाळ्यातला वारा पकडायचा आणि परतायचं तर नैऋत्येचा. त्यातही ऐन जून-जुलैतला दर्या टाळायचा आणि त्या वाऱ्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी प्रवास करायचा.

हजयात्रेचंही तसंच होतं. हजची तारीख चंद्राच्या महिन्यांवर ठरते, म्हणून ती दरवर्षी १०-११ दिवस आधी येते. वारा मात्र सूर्याच्या वर्षाप्रमाणे, ऋतूंनुसार बदलतो. त्यामुळे शिडाच्या जहाजांच्या काळात हाजींना हजच्या तारखेबरोबर वाऱ्याची तारीखही पाहावी लागे आणि हंगाम चुकला तर महिनोन्‌महिने थांबावं लागे. वाफेची जहाजं आल्यावर ही अडचण संपली. पुढे १९९५ नंतर मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणंही बंद झालं.

१५व्या शतकातला प्रसिद्ध अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याने समुद्रविद्येवर ग्रंथ लिहिले. त्याचा जन्म जुल्फारचा, म्हणजे आजच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल-खैमाचा. कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावं, हे सांगताना तो हिजरी महिने धरत नाही. नवरोजपासून सुरू होणाऱ्या सौर वर्षाचे दिवस मोजतो. कारण उघड आहे. वाऱ्याला हिजरी तारीख माहीत नसते.

मुलं मकतबमध्ये सूरह वाचतात, तेव्हा जहाजं आणि वाऱ्यांचा उल्लेख त्यांच्यासमोर येतो. सूरह बकराच्या १६४व्या आयतीत समुद्रातली जहाजं आणि वाऱ्यांचं दिशा बदलणं या गोष्टी विचार करणाऱ्यांसाठी निशाण्या म्हणून सांगितल्या आहेत. सूरह शूरामध्ये वारा थांबला तर जहाजं पाण्यावर जागच्या जागी राहतील, असा आशय आहे. तो 'विचार करणं' म्हणजे नेमकं काय, हे मुलांना दाखवण्याची संधी या होडीतून मिळते.

काय काय लागेल?

- एक जुनी रबरी चप्पल (जोडीतली एकच पुरे)
- बांबूची काडी, साधारण २० सेंटीमीटर. सीख कबाबला वापरतो ती चालेल.
- खराट्याच्या तीन-चार काड्या
- दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या, धुऊन वाळवलेल्या
- बाद झालेली दोन एटीएम कार्डं किंवा तसंच टणक प्लास्टिक
- एक रुपयाची दोन नाणी
- चिकटपट्टी, दोरा, कात्री, पट्टी, पेन
- कटर (फक्त मोठ्यांच्या हातात)
- वेळ मोजायला मोबाईल आणि लिहायला वही

पाण्यासाठी मोठा टब असेल तर उत्तम. नसेल तर अंगणात किंवा गच्चीवर विटा कडेवर उभ्या लावून साधारण दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद चौकट करा. तिच्यावर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरा आणि आत ८ सेंटीमीटर पाणी भरा. एवढ्या हौदाला सुमारे ६० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या चार बादल्या पाणी लागतं. आपल्याकडे कित्येक गावांत पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येतं. म्हणून खेळ संपल्यावर हे पाणी ओतून देऊ नका. झाडांना, अंगण धुवायला किंवा संडासात वापरा. इस्राफ, म्हणजे नाहक उधळपट्टी, टाळायची हे मुलांना सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं.

होडी अशी बनवा

१. तळ : चपलेचे पट्टे काढून टाका. तळव्यावर पेनने १६ सेंटीमीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद होडीचा आकार काढा. पुढचं टोक निमुळतं, मागची बाजू सरळ. कापायचं काम मोठ्यांनी करावं. रबर जाड असतं, कटर सटकतो. आकार काढणं, मोजणं आणि कडा घासणं हे मुलांना करू द्या.

काठी, शीड काहीही लावण्याआधी नुसता तळ पाण्यावर सोडा. 'बेटा, हे बुडेल की तरंगेल?' असं आधी विचारा. रबरात हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात, म्हणून ते पाण्यापेक्षा हलकं असतं आणि तरंगतं.

२. खालचा कणा : तळाच्या खालच्या बाजूला मधोमध, लांबीच्या दिशेने ८ सेंटीमीटरची चीर द्या. चीर आरपार जाऊ देऊ नका. कार्डाची लांब कड त्या चिरेत घट्ट खोचा. साधारण चार सेंटीमीटर भाग खाली लोंबायला हवा. कार्डाच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी एकेक नाणं चिकटपट्टीने लावा. कार्ड गोंदाने चिकटवू नका, कारण पुढच्या प्रयोगात ते काढून पाहायचं आहे.

३. डोलकाठी : होडीच्या मधल्या रेषेवर, पुढच्या टोकापासून सहा-सात सेंटीमीटरवर बांबूची काडी टोचून उभी करा. ती डुगडुगत असेल तर बुडाशी दोरा गुंडाळून घट्ट करा.

४. चौकोनी शीड : दुधाची पिशवी कापून सपाट करा आणि तिच्यातून १० सेंटीमीटर बाजूचा चौकोन कापा. वरच्या आणि खालच्या कडेला खराट्याच्या काडीचा तुकडा चिकटपट्टीने लावा, म्हणजे शीड चुरगळणार नाही. मग दोन्ही काड्या मधोमध दोऱ्याने डोलकाठीला बांधा.

५. त्रिकोणी शीड : दुसऱ्या पिशवीतून एक त्रिकोण कापून ठेवा. उभी बाजू १५ सेंटीमीटर, खालची १०. उभी बाजू डोलकाठीला लागेल आणि खालच्या कडेला काडी. मागच्या कोपऱ्याला एक दोरा बांधा. हा दोरा होडीच्या मागच्या भागात टाचणीने अडकवला की शीड हव्या त्या कोनात धरता येतं. अरबी समुद्रावरच्या गलबतांची ओळख असलेलं शीड त्रिकोणी धाटणीचंच होतं.

६. सुकाणू : दुसऱ्या कार्डाचा तीन सेंटीमीटरचा तुकडा होडीच्या मागच्या टोकाला चीर देऊन उभा खोचा. तो सरळ ठेवला की होडी सरळ जाते आणि किंचित तिरका केला की वळते.

वारा कुठून आणायचा?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा किंवा हातपंखा. पण हाताने घातलेला वारा कधी जोरात असतो तर कधी हळू. दोन शिडांची तुलना करायची असेल, तर वारा दोन्ही वेळा सारखा हवा. त्यासाठी टेबल फॅन चांगला. तो पाण्यापासून किमान सहा फूट लांब, कोरड्या जागी, स्टुलावर ठेवा. वायर किंवा एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर येता कामा नये. पंखा मोठ्यांनीच, कोरड्या हातांनी चालू-बंद करायचा. हा नियम मुलांना सुरुवातीलाच सांगा आणि स्वतःही पाळा.

प्रयोग पहिला : शीड असलेलं बरं की नसलेलं?

होडी शिडाशिवाय हौदाच्या एका टोकाला ठेवा, मागून वारा द्या आणि दुसऱ्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग चौकोनी शीड लावून पुन्हा मोजा. प्रत्येक गोष्ट तीनदा करा. एकदाच केलेल्या मोजणीवर विश्वास ठेवू नये, कारण होडी कडेला घासलेली असते किंवा सोडताना हाताचा धक्का लागलेला असतो.

वहीत तीन रकाने आखा : काय बदललं, काय होईल असं वाटलं, काय झालं. मधला रकाना महत्त्वाचा आहे. तो होडी सोडण्याआधीच भरायचा. अंदाज चुकला तर खोडू द्यायचा नाही. चुकलेला अंदाज ही शरमेची गोष्ट नाही, तिथूनच पुढचा प्रश्न निघतो. वर्गात चूक उत्तर दिलं तर ओरडा बसेल या भीतीने गप्प बसणाऱ्या मुलाला ही सवय फार उपयोगी पडते.

शीड लावल्यावर होडी जास्त जोरात का जाते? हवा डोळ्यांना दिसत नसली तरी तिला वजन असतं. एक घनमीटर हवेचं वजन साधारण सव्वा किलो भरतं. ही हवा वेगाने येऊन शिडावर आपटते, शीड तिला अडवतं, आणि अडवताना हवेचा धक्का शिडाला बसतो. शीड जितकं मोठं, तितकी जास्त हवा अडते.

प्रयोग दुसरा : शीड जितकं मोठं तितकं चांगलं?

आता आणखी दोन शिडं करा, एक पाच सेंटीमीटरचं आणि एक १५ सेंटीमीटरचं. मुलं बहुधा सांगतील की सर्वांत मोठं शीड जिंकेल. वारा हळू असेल तर तसं होईलही. पण पंखा मोठ्या वेगावर केला की मोठ्या शिडाची होडी पुढे नाक खुपसते किंवा थेट कलंडते.

मोठ्या मुलांना इथे गणितही दाखवता येतं. पाच सेंटीमीटरच्या शिडाचं क्षेत्रफळ २५ चौरस सेंटीमीटर, १० सेंटीमीटरच्या शिडाचं १०० आणि १५ सेंटीमीटरच्या शिडाचं २२५. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं. त्यात मोठं शीड उंचही असतं. उंचावर बसलेला धक्का होडीला जास्त सहज पाडतो. बंद दरवाजा बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडीजवळ ढकलून पाहा. दूरच्या टोकाला थोडा जोरही पुरतो, तोच हा प्रकार. म्हणूनच वादळी वाऱ्यात खलाशी शीड उतरवतात किंवा लहान करतात.

कापडाचं शीडही करून पाहा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत तर घराघरांत चिंध्या मिळतील. विरळ विणीच्या कापडातून हवा आरपार जाते आणि ओलं झालं की ते जड होतं. घट्ट विणीचं कापड आणि विरळ कापड यांत फरक पडतो का, ते मुलांनाच मोजू द्या. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कापडही बदललं आणि आकारही बदलला, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. विज्ञानाचा हा सर्वांत कामाचा नियम आहे आणि तो सात वर्षांच्या मुलालाही समजतो.

प्रयोग तिसरा : वारा बाजूने आला तर?

इथे खरी गंमत आहे. आता त्रिकोणी शीड लावा. होडीचं तोंड हौदाच्या लांबीच्या दिशेने ठेवा आणि पंखा बाजूला, लांब कडेच्या समोर ठेवा. शिडाचा दोरा असा अडकवा की शीड होडीच्या मधल्या रेषेशी साधारण ४५ अंशांचा कोन करील.

आधी खालचं कार्ड काढून टाका. होडी पुढे न जाता वाऱ्याबरोबर आडवी सरकत कडेला जाऊन लागेल. आता कार्ड पुन्हा खोचा आणि तोच वारा द्या. होडी थोडी कलेल, थोडी आडवीही सरकेल, पण पुढे जायला लागेल. वारा बाजूने आणि होडी पुढे!

हे कसं होतं? तिरकं शीड वाऱ्याला मागच्या बाजूला वळवतं. हवा मागे ढकलली गेली की शीड पुढे आणि बाजूला ढकललं जातं. त्यातला बाजूचा धक्का खालचं कार्ड अडवतं, कारण कार्डाला आडवं सरकायचं तर बरंच पाणी बाजूला सारावं लागतं. पुढे जाताना मात्र कार्डाची फक्त पातळ कड पाणी कापते. म्हणून होडीला पुढची वाट सोपी असते.

मुलांना पटवायचं असेल तर कलिंगडाची ओली बी द्या. ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबली की सुर्रकन पुढे उडते. दाबलं बाजूंनी, पण बी गेली पुढे. इथे एक बोट वाऱ्याचं आणि दुसरं पाण्याचं. मोठ्या जहाजांच्या तळाला जो लांब कणा असतो, तो ताकदीबरोबरच हे कामही करतो.

होडी नीट चालत नसेल तर

होडी गोल गोल फिरत असेल तर खालचं कार्ड किंवा सुकाणू वाकडं बसलं असेल. सतत एकाच बाजूला कलंडत असेल तर डोलकाठी मधोमध आहे का ते पाहा, शीड थोडं खाली बांधा किंवा नाण्यांचं वजन वाढवा. जागची हलतच नसेल तर कार्ड ताडपत्रीला घासतंय का ते बघा, पाणी थोडं वाढवा. पंखा फार खाली असेल तर विटांची भिंत वारा अडवते, म्हणून तो थोडा उंच ठेवा.

दोष शोधायची घाई तुम्ही करू नका. 'अशी का फिरते, काय वाटतं?' एवढंच विचारा आणि पाच मिनिटं थांबा. उत्तर तुम्हाला माहीत नसेल तर सरळ सांगा, 'मलाही माहीत नाही, करून बघूया.' त्याने मुलांच्या नजरेत आई-वडिलांचा मान कमी होत नाही. न येणारी गोष्ट शोधायची कशी, हे मात्र त्यांना दिसतं.

आणखी एक गोष्ट. मुलगा होडी बनवेल आणि मुलगी नुसती पाहील, असं होऊ देऊ नका. कात्री, पट्टी आणि वही दोघांच्याही हातात द्या. पाच-सहा वर्षांच्या लहानग्यांना शीड रंगवू द्या, आठ-नऊ वर्षांच्यांना मोजमाप द्या आणि त्याहून मोठ्यांना हिशेब.

मग खरा वारा येतो कुठून?

पंखा बंद केल्यावर हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. उत्तर शाळेच्या भूगोलात आहे, पण किनाऱ्यावर ते रोज दिसतं. दिवसा उन्हाने जमीन लवकर तापते, समुद्र मात्र हळूहळू तापतो. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र त्यामानाने उबदार राहतो, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार पहाटे मतलई वाऱ्यावर निघत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. इंधनाचा एक पैसा खर्च होत नसे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली की मान्सून तयार होतो. उन्हाळ्यात आपला अख्खा भूभाग तापतो आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात. हिवाळ्यात चक्र उलटतं. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्या, समुद्र कधी न पाहिलेल्या मुलांच्या शेतावर पडणारा जूनमधला पाऊसही याच वाऱ्याने आणलेला असतो.

घरात किंवा नात्यात कुणी जहाजावर, बंदरात किंवा मासेमारीत काम केलेले बुजुर्ग असतील, तर मुलांना त्यांच्यासमोर बसवा. दादा-नानांना विचारायला सांगा : वारा बदलणार हे तुम्हाला कशावरून कळायचं? कोणत्या महिन्यात होडी पाण्यात घालायची नाही? उत्तरं त्याच वहीत लिहून घ्या. ही माहिती बहुतेक वेळा कुठल्याच पुस्तकात नसते आणि सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

एवढी काळजी घ्याच

लहान मूल दोन-चार इंच पाण्यातही बुडू शकतं. म्हणून हौद भरलेला असेपर्यंत एक मोठं माणूस तिथेच हवं, फोनवर बोलत आत जायचं नाही. खेळ संपला की पाणी लगेच काढा. ही होडी विहिरीवर, तळ्यावर, नदीवर किंवा खाडीत नेऊ देऊ नका. होडी हातातून सुटली की मूल तिच्यामागे जातं. पावसाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर तर मुळीच नको. होडी पाण्यात सोडून देऊन नाल्यात कचराही वाढवू नका, पुढच्या सुट्टीत तीच पुन्हा वापरता येते.

शेवटचं कोडं

मुलांना सगळे प्रयोग जमले की त्यांच्यासमोर एक कोडं ठेवा. पंखा जागचा हलवायचा नाही, वाऱ्याची दिशा बदलायची नाही. होडी हौदाच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायची आणि तिथून वळवून परत याच टोकाला आणायची. होडीला हाताने ढकलायचं नाही, पण टोकाला पोचल्यावर तिचं तोंड फिरवायला आणि शीड नव्याने बांधायला परवानगी आहे.

वारा मागून असेल तर हे जमणार नाही, कारण होडी एकाच दिशेने जाईल. पण वारा बाजूने असेल, खालचं कार्ड घट्ट असेल आणि शीड बरोबर कोनात वळवलं, तर त्याच वाऱ्यावर जाताही येतं आणि परतही येता येतं. उत्तर आधी सांगू नका. दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्या. ज्या दिवशी होडी परत येईल, त्या दिवशी वहीत तारीख टाकून शिडाचा कोन आणि पंख्याची जागा यांचं चित्र मुलांनाच काढायला सांगा.